सायकल-मंडळें आणि आपलीं मुलें



सायकल ही वस्तु आपल्या इतक्या परिचयाची आहे कीं तिच्याविषयीं आतां कांहीं बोलण्यासारखें उरलें आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. पुण्यासारख्या शहरांत एका काळीं प्राध्यापकापासून कारकुनापर्यंत सर्वांची स्वारी तिच्यावरूनच निघे. म्हणून तर पुण्याला सायकलींचें शहर हें नांव पडलें. आज त्याच रस्त्यांवर स्कूटरींचें आणि मोटारींचें राज्य आहे, आणि सायकल बहुतेक इमारतींच्या जिन्याखालीं धूळ खात उभी आहे. तिच्या गतवैभवाबद्दल मी आज उसासे टाकणार नाहीं. व्यायाम, पेट्रोलची बचत आणि हवेची शुद्धता हे तिचे गुणहि आपणांस पाठ आहेत. माझा विषय थोडा निराळा आहे. पंधरा-वीस मुलामुलींनीं एकत्र येऊन चालविलेलें सायकल-मंडळ तरुणांना काय देऊं शकतें, आणि तें त्यांना मिळावें म्हणून आपण वडील माणसांनीं काय सोडलें पाहिजे, एवढाच प्रश्न मी आपणांपुढें ठेवणार आहें.

सुशिक्षित घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा दिवस क्षणभर डोळ्यांपुढें आणा. सकाळीं शिकवणी, मग शाळा किंवा कॉलेज, सायंकाळीं पुन्हां शिकवणी. त्याला नेण्या-आणण्याची व्यवस्था आईबाप करतात. त्याचें वेळापत्रक दुसरा कोणीतरी आंखतो. उरलेला वेळ हातांतील फोन खाऊन टाकतो. या मुलाला सर्व कांहीं मिळतें. परंतु त्याच्यावांचून कोणाचें अडेल असें एकहि काम त्याच्या वाट्याला येत नाहीं. त्याच इमारतींत पहारेकऱ्याचा मुलगा असतो, धुणेंभांडीं करणाऱ्या बाईची मुलगी असते. त्यांच्या वाट्याला काम पुष्कळ येतें. पण त्या कामांत त्यांचें मत कोणी विचारीत नाहीं. एकाला जबाबदारी नाहीं आणि दुसऱ्याला अधिकार नाहीं. दोघेहि एकाच फाटकांतून रोज ये-जा करतात आणि एकमेकांना ओळखत नाहींत. आपण तरुण पिढीच्या आळसाबद्दल आणि बेफिकिरीबद्दल जी तक्रार करतों, तिचें मूळ मला येथें दिसतें.

सायकल-मंडळ ही कांहीं आजची कल्पना नव्हे. १८९४ सालच्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें मूठभर तरुण एकत्र आले आणि ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचें नांव घेऊन त्यांनीं एक सायकल-मंडळ काढलें. सुटीच्या दिवशीं शहराच्या धुरांतून बाहेर पडावें, मोकळ्या रस्त्यानें खेडींपाडीं पाहावीं आणि जातां जातां आपल्या मतांचा प्रसार करावा, असा त्यांचा बेत होता. पाहतां पाहतां अशीं मंडळें ठिकठिकाणीं निघालीं. स्त्रियांनाहि त्यांत प्रवेश होता, आणि मँचेस्टरच्या मंडळांत ख्रिस्ताबेल व सिल्व्हिया या पँखर्स्ट भगिनी होत्या. पुढें स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यांत या दोघींचीं नांवें जगभर गाजलीं. सायकलीनें त्यांना पुढारी केलें असें मी म्हणणार नाहीं. तें श्रेय त्यांच्या घराला आणि त्यांच्या निश्चयाला आहे. परंतु चार अनोळखी माणसांबरोबर निघावयाचें, वाट ठरवावयाची, वर्गणीचा हिशोब ठेवावयाचा आणि परक्या गांवांत उभें राहून आपलें म्हणणें मांडावयाचें, याची सवय अशा मंडळांत तरुणांना लागली, हें निःसंशय. क्लॅरियनचें मंडळ आजहि चालू आहे.

आपल्याकडील उदाहरण तर याहून रोमहर्षक आहे. ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’ या मुंबईच्या व्यायाममंडळांतील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. कोणी वाटेंत परत फिरला, कोणी परदेशींच राहिला. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मात्र इराण-इराकपासून युरोप, अमेरिका, जपान, चीन असें करीत, सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास संपवून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले. म्हणजे चार वर्षें आणि पांच महिने! त्यांच्या प्रवासवर्णनाला जवाहरलाल नेहरूंनीं प्रस्तावना लिहिली. या पराक्रमांतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. हे तरुण एकमेकांना व्यायामशाळेंतून ओळखत होते. कोणाचा दम किती, कोणाचा स्वभाव कसा, कोण संकटांत डगमगतो, याची पारख घराबाहेर पडण्यापूर्वीं होऊं शकते ती अशाच ठिकाणीं.

पण पृथ्वीप्रदक्षिणा हें लाखांत एकाचें काम. माझ्या मनांतील मंडळ आपल्या गल्लींतलें आहे, आणि त्याचा आरंभ रस्त्यावर न होतां जिन्याखालीं, त्या धूळ खात पडलेल्या सायकलीपाशीं होतो.

पंक्चर काढण्याचें साधें काम घ्या. प्रथम चाक उतरवावयाचें. मग टायरची कड सोडवून ट्यूब बाहेर काढावयाची, तींत हवा भरावयाची आणि ती घमेल्यांतील पाण्यांत बुडवून बुडबुडे कोठून येतात तें पाहावयाचें. भोक सांपडलें कीं तेथें खूण करावयाची, ट्यूब कोरडी करावयाची, कानशीनें किंवा पॉलिश-पेपरनें ती जागा घांसावयाची, सोल्यूशन लावावयाचें, आणि मग थांबावयाचें. हें थांबणें नवशिक्याला जड जातें. सोल्यूशन ओलें असतांना घाईनें चिकटविलेलें ठिगळ टिकत नाहीं. तें सुकत आलें म्हणजेच ठिगळ बसवून दाबावयाचें. एवढें होऊनहि एक काम राहतेंच. टायरच्या आंतून बोट फिरवून कांटा शोधावयाचा. तो जर तसाच राहिला, तर उत्तम लावलेलें ठिगळहि दहा पावलांवर व्यर्थ जातें.

या अर्ध्या तासांत मुलाला जें मिळतें तें पुस्तकांतून मिळणें कठीण. बिघाड दिसला म्हणून घाबरावयाचें नाहीं, कारण शोधावयाचें, क्रम सोडावयाचा नाहीं, आणि काम पुरें झालें कीं नाहीं याचा निर्णय कोणा परीक्षकाच्या तोंडून ऐकावयाचा नाहीं. तो चाकच देतें. हवा टिकली तर तुम्ही उत्तीर्ण, नाहीं तर पुन्हां घमेलें. तेथें वशिला चालत नाहीं आणि बापाचा हुद्दाहि चालत नाहीं. पहारेकऱ्याच्या मुलाचा हात या कामांत आधींच बसलेला असेल, तर डॉक्टरांच्या मुलाला त्याच्याकडूनच शिकावें लागतें. ज्या दिवशीं असें घडेल, त्या दिवशीं त्या फाटकांतून जाणारीं दोन मुलें एकमेकांना ओळखूं लागतील.

अमेरिकेंत १९८४ सालीं ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ नांवाची संस्था निघाली. जुन्या सायकली गोळा करून त्या निकाराग्वा देशांतील लोकांना पाठविणें हा तिचा मूळ उद्योग. पुढें याच संस्थेनें मुलांसाठीं ‘सायकल कमवा’ अशा स्वरूपाचा वर्ग चालविला. मुलांनीं यावें, मोडकी सायकल उघडावी, छर्रे, साखळी, ब्रेक, तारा यांचें काम शिकावें आणि शेवटीं आपल्या हातानें उभी केलेली सायकल स्वतःची म्हणून घरीं न्यावी. दान मिळालेली सायकल आणि कमावलेली सायकल यांत केवढा फरक आहे पाहा! दान घेणारा नकळत मान खालीं घालतो. कमावणारा मान वर करून जातो, आणि ती सायकल पुन्हां बिघडली तर कोणाच्या दारांत उभा राहत नाहीं. आपल्या इमारतींतील बेवारशी सायकलींची यादी करून, मालकांची संमति घेऊन, हाच नियम आपणहि कां लावूं नये? ज्यानें दुरुस्त केली त्याची ती सायकल. म्हणजे ज्याच्या घरीं सायकल नाहीं त्याला मंडळाचें दार बंद राहणार नाहीं.

आतां मुलींविषयीं. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या तेथील जिल्हाधिकारी होत्या. गांवोगांवीं शिकवावयास जाणाऱ्या स्त्रियांना जाण्या-येण्याचें साधन हवें, म्हणून त्यांनीं सायकल शिकणें हा साक्षरतेचाच भाग केला. बायकांसाठीं शिबिरें भरूं लागलीं. सायकल विकत घेण्यासाठीं बँकांनीं कर्जें दिलीं. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हां बायकांनीं पुरुषांच्या सायकली घेतल्या. प्रथम टिंगलटवाळी झाली, नांवें ठेवलीं गेलीं. पण जी आज शिकली ती उद्यां दुसरीला शिकवूं लागली, आणि ही संख्या लाखावर गेली असें पत्रकार पी. साईनाथ यांनीं नमूद करून ठेवलें आहे. शेतमजूर, खाणींत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका अशा सर्व थरांतील स्त्रिया त्यांत होत्या. पाणी आणणें, बाजारहाट करणें, मुलाला दवाखान्यांत नेणें यांसाठीं पूर्वीं नवऱ्याची किंवा बसची वाट पाहावी लागे. ती वाट पाहणें संपलें.

बिहार सरकारनें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठीं पैसे देण्याची योजना काढली. तिच्या परिणामांचा कार्तिक मुरलीधरन् आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेंत त्या वयाच्या मुलींची भरती ३२ टक्क्यांनीं वाढली आणि मुलगे व मुली यांच्या भरतींतील अंतर ४० टक्क्यांनीं कमी झालें, असें त्यांना आढळलें. ज्या गांवांपासून शाळा दूर होती तेथें हा परिणाम अधिक होता. मुली घोळक्यानें सायकलींवरून जाऊं लागल्या, हेंहि त्यांत महत्त्वाचें. एकटी मुलगी रस्त्यावर दिसली कीं लोक तिच्याकडे पाहतात. पंचवीस मुली दिसल्या कीं लोक बाजूला होतात. जें खेड्यांतील मुलीला साधलें, तें शहरांतील आपल्या मुलीला कां साधूं नये? ती पदवीपर्यंत शिकावी असें आपणांस वाटतें, पण पहाटे सहा वाजतां मैत्रिणींबरोबर सायकलीनें दहा किलोमीटर जाऊं काय, असें तिनें विचारलें तर आपण घड्याळाकडे पाहतों. समूहाचें बळ तिला मंडळच देऊं शकेल.

आतां आफ्रिकेंतील एक गोष्ट सांगतों. रुवांडा देशांत १९९४ सालीं भीषण वंशसंहार झाला. आद्रिएँ नियोन्शुती या मुलाचे सहा भाऊ त्यांत मारले गेले; तो त्या वेळीं सात वर्षांचा होता. पुढें त्या देशांत सायकलपटूंचा संघ उभा राहिला. जड सायकलींवरून बटाट्यांचीं पोतीं आणि उतारू वाहणारे तरुण त्यांत आले, आणि नियोन्शुती २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें आपल्या देशाचा ध्वज घेऊन चालला. त्यानंतर त्यानें र्‍वामागाना या गांवीं मुलामुलींसाठीं सायकलीची शाळा काढली. २०२५ सालच्या सप्टेंबरांत रस्त्यावरील सायकल-शर्यतींची जागतिक स्पर्धा रुवांडाच्या राजधानींत, किगालींत, भरली. आफ्रिकेच्या भूमीवर ती प्रथमच होत होती. ज्याला मिळालें त्यानें तें पुढील मुलांच्या हातीं दिलें, ही या कथेची खरी थोरवी.

शर्यतींचा उल्लेख आला म्हणून एक भेद स्पष्ट करतों. मुंबई-पुणें सायकल-शर्यतींत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि तो मान त्याला शोभतो. पण शर्यतीचा मान पहिल्याला, तर मंडळाचा मान शेवटच्याला! रविवारच्या फेरींत सर्वांत मागें एक कसलेला स्वार असावा, आणि त्याचा नियम एकच : आपल्यापुढील अगदीं शेवटच्या मुलाला मागें टाकावयाचें नाहीं. पुढील स्वारानें वेग ठरवावयाचा तो या शेवटच्या मुलाच्या दमानें. आपल्याला ही रीत नवी नाहीं. नाशिकचे सायकलपटू आषाढी वारीच्या सुमारास पंढरपुरापर्यंत सायकलींची वारी नेतात. वारीच्या मुलखांतील आपण माणसें. दिंडी सोडून पुढें धांवण्यांत कसलीहि थोरवी नाहीं, हें आपल्याला कोणी नव्यानें शिकवावयास नको.

येथें आपल्यापैकीं पुष्कळांच्या ओठांवर एक आक्षेप आला असेल. रस्ते धोक्याचे आहेत, आणि मूल आमचें आहे. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा मुळींच नाहीं. आपल्या शहरांतील रस्ते मोटारींसाठीं रुंद झाले आणि सायकलवाल्याला कडेला ढकललें गेलें. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकलींचा व्यापक आराखडा मान्य केला. परंतु आराखडा आणि रस्ता यांत बरेंच अंतर असतें. म्हणून मंडळानें पायरीपायरीनें जावें. पहिले कांहीं आठवडे मैदान, मग आंतील गल्ल्या, आणि मग रविवारीं पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वीं, मोठा रस्ता. निघण्यापूर्वीं प्रत्येकानें हवा, ब्रेक आणि साखळी तपासावी. डोक्यावर हेल्मेट, मागें लाल दिवा, एकामागें एक अशी रांग, आणि हात दाखविल्यावांचून वळण नाहीं. या नियमांत सवलत कोणालाहि नसावी. इतकें करूनहि धोका शून्य होणार नाहीं, हें मी मान्य करतों. पण घरांत कोंडून ठेवलेलें मूल अठराव्या वर्षीं एकदम वेगवान मोटरसायकलवर बसतें आणि रस्त्याशीं त्याची पहिली ओळख त्या वेगानें होते. हा धोका आपण मोजीत नाहीं. शिवाय खड्डा कोठें आहे, कोणता चौक वाईट आहे, दिवा कोठें लागत नाहीं, याची नोंद करून नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाणारीं पंधरा मुलें ही त्या प्रभागाची मोठी सेवा ठरेल. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाहीं.

दुसरा धोका मात्र घरचाच आहे, आणि तो म्हणजे आपण स्वतः. आपल्याकडे मंडळ निघतें तें मोठ्या थाटानें. नारळ फुटतो, पाहुणे येतात, एका रंगाचे सदरे वाटले जातात, छायाचित्रें निघतात. अध्यक्ष एक काका, चिटणीस दुसरे काका, आणि खजिनदार त्यांचे मेहुणे. मुलांनीं फक्त सांगितलेल्या वेळीं यावें आणि सांगितलेल्या वाटेनें जावें. मग महागड्या सायकलींची चढाओढ लागते, ज्यांच्याजवळ साध्या सायकली आहेत ते हळूच गळतात, आणि सहा महिन्यांनीं कपाटांत उरतात ते सदरे. मुलें टिकलीं नाहींत म्हणून आपण त्यांनाच बोल लावतों. ठिगळ उत्तम होतें, कांटा तसाच राहिला होता.

तेव्हां करावें काय? फार थोडें. दहा मुलामुलींनीं आरंभ करावा. इमारतीच्या तळमजल्यावरील एक कोपरा, एक कपाट, दोन-चार पाने, पकड, पंप, घमेलें आणि एक वही, एवढें भांडवल पुरे. तीन कामें नेमावीं : एकानें हत्यारें सांभाळावीं, एकानें हिशोब लिहावा, एकानें वाट आंखावी. हीं कामें दर तीन महिन्यांनीं बदलावीं, आणि कोणी करावयाचीं तें मुलांनींच आपसांत ठरवावें. पहारेकऱ्याच्या मुलाकडे हत्यारांचें कपाट आलें तर कोणीहि भुंवया चढवूं नयेत. कदाचित् तोच तें सर्वांत नीट सांभाळील. वडील माणसें दोनच असावीं, विचारलें तर सांगण्यापुरतीं. त्यांना मत नसावें.

आणि चुका होतील. एखादा पाना हरवेल. वहींत चाळीस रुपये कमी भरतील. वाट आंखणारी मुलगी सर्वांना भलत्याच रस्त्यावर नेईल आणि मंडळी न्याहारीला तासभर उशिरां पोंचतील. त्या वेळीं आपली परीक्षा आहे. खिशांतून चाळीस रुपये काढून वही जुळवून देणें आपल्याला अगदीं सोपें आहे. परंतु त्या चाळीस रुपयांनीं आपण मंडळच परत विकत घेतलें असें होईल. मुलांना बसूं द्या, आठवूं द्या, भांडूं द्या. ते पैसे कोठें गेले हें तीं शोधून काढतील, किंवा वर्गणी काढून भरतील. दोन्हींपैकीं कांहींहि झालें तरी पुढील महिन्याची वही नीट लिहिलेली असेल.

तरुणांच्या हातीं अधिकार द्यावा असें व्याख्यानांतून पुष्कळ सांगितलें जातें. तो मोठ्या ठरावांनीं देतां येतो कीं नाहीं याची मला शंका आहे. कपाटाची एक लहानशी किल्ली मात्र देतां येते. येत्या रविवारीं जिन्याखालील ती सायकल बाहेर काढा, मुलांना हांक मारा, किल्ली त्यांच्यापैकीं एकाच्या हातावर ठेवा आणि घरांत जाऊन चहा घ्या. बाहेर आरडाओरडा होईल, पाणी सांडेल, हात काळे होतील. खिडकींतून डोकावण्याचा मोह आवरा. कोणी विचारावयास आलें, तरच उठा.